'माणसांसाठी नाही' वर टिक केलीत, तिथेच केस अडकलीये

वजन कमी करायच्या पेप्टाईडवरून (टोचून घ्यायच्या, प्रथिनांसारख्या औषधांवरून) येणारे मेल मी मोजायचे सोडून दिलेत, गोष्ट सगळ्यांची साधारण एकच, म्हणून एकीलाच उत्तर देतो, बाकीच्यांनी आपापलं त्यात बघून घ्यावं. या ताईंनी वेबसाईटवरून रेटाट्रुटाईड नावाच्या प्रायोगिक औषधाच्या पावडरच्या व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या, मागवल्या, पाच महिने स्वतःच टोचून घेतलं, वजन उतरलं, मग एका रात्री पोटात असह्य दुखायला लागलं, पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला सूज, निघाला, आठ दिवस अॅडमिट. त्याला आता १४ महिने झालेत. विचारतायत की वेबसाईटवर 'दुष्परिणामांना आम्ही जबाबदार नाही' असं लिहिलेलं होतं, तरी केस करता येईल का.

ताई, तुम्ही भलत्याच ओळीला घाबरताय. 'आम्ही जबाबदार नाही' हे वाक्य दिसतं भारी पण कोर्टात त्याला फार दम नसतो. इंग्लंडमध्ये तर २०१५ चा ग्राहक हक्क कायदा सरळ सांगतो की व्यापाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे कुणाला शारीरिक इजा झाली तर अटी छापून जबाबदारी झटकता येत नाही. बाकी ठिकाणी शब्द वेगळे, पण निव्वळ या एका ओळीवर विकणारा सुटेल असं मला वाटत नाही.

खरी ओळ दुसरी आहे आणि ती तुम्ही मेलमध्ये जाता जाता लिहिलीत, 'पेमेंटच्या आधी एक चौकट होती त्यावर टिक केली'. त्या चौकटीत काय होतं? तुम्हीच पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये आहे: मी संशोधक आहे, हा माल फक्त प्रयोगशाळेत वापरणार, माणसावर वापरणार नाही. म्हणजे जबाबदारी त्यांनी झटकली ते सोडाच, तुम्हीच लिहून दिलंत की मी हे अंगात घेणार नाही, आणि घेतलंत. उद्या त्यांचा वकील उभा राहून एवढंच म्हणेल की वस्तूचा गैरवापर झाला. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ८७ बघा, इजा झाली तेव्हा वस्तूचा गैरवापर किंवा त्यात फेरफार झालेला असेल तर विकणाऱ्यावर उत्पादन-दायित्वाचा, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या इजेच्या भरपाईचा, दावा चालतच नाही. इतरही बऱ्याच देशांत हा बचाव कुठल्या ना कुठल्या रूपात मिळतो. टिक करताना वाचलं नाही म्हणता, पण न वाचता टिक केली हा बचाव होत नाही हो, किती वेळा लिहायचं.

आता यातून वाट एकच, ती टिक नाटक होती आणि ते नाटक आहे हे विकणाऱ्यालाही पक्कं माहीत होतं हे दाखवणं. हे अशक्य नाहीये. २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, असा माल विकणाऱ्या काही कंपन्यांना वॉर्निंग लेटर पाठवली, त्यात मुद्दा हाच होता की लेबलवर 'फक्त संशोधनासाठी' लिहिलं असलं तरी तुमच्या साईटवरचा मजकूर बघता हे माणसांना द्यायचं औषधच आहे. तिथलं पत्र तुमच्या कोर्टाला बांधील नाही, पण तर्क उचलता येतो.

तुमच्याकडे त्यापेक्षा भारी वस्तू आहे. त्यांच्या सपोर्टचा मेसेज, 'पहिल्या आठवड्यात ४० युनिट घ्या, मळमळ झाली तर कमी करा'. हा एक मेसेज म्हणजे तुमची अख्खी केस आहे. युनिट हे इन्सुलिनच्या सिरिंजवरचं माप, आणि मळमळ झाली तर कमी कर असं उंदराला कोणी सांगत नाही. शिवाय पावडरमध्ये पाणी किती घालायचं ते त्यांनी सांगितलेलंच नाही, पाणी निम्मं पडलं तर त्याच ४० युनिटमध्ये औषध दुप्पट जातं. हे वाचून न्यायाधीश त्या 'टिक'च्या पलीकडे बघेल अशी आशा ठेवायला जागा आहे. पण तुम्ही लिहिता, 'वैतागून चॅट डिलीट केला, मिस्टरांच्या फोनमध्ये एक स्क्रीनशॉट असेल बहुतेक'. बहुतेक! आज, आत्ता तो फोन हातात घ्या, स्क्रीनशॉट मूळ फाईलसकट दुसरीकडे सेव्ह करा, जुन्या बॅकअपमध्ये चॅट मिळतोय का ते बघा, आणि तो फोन विकू नका, रीसेट करू नका. बँकेचं स्टेटमेंटही काढा, कारण असल्या साईट रातोरात नाव बदलतात आणि पैसे कुणाच्या खात्यात गेले एवढाच काय तो पत्ता उरतो.

इजा औषधामुळेच झाली का, यावर मी छातीठोक काही बोलणार नाही. रेटाट्रुटाईडच्या गटातल्या मंजूर औषधांच्या माहितीपत्रकात पॅन्क्रियाटायटिसची सूचना असते हे खरं. पण हे रेटाट्रुटाईड तुम्ही घेतलंत तेव्हा चाचणीतच होतं. २०२३ ला छापून आलेल्या चाचणीत ३३८ लोक होते, सगळ्यात मोठ्या डोसला ४८ आठवड्यांत सरासरी २४.२ टक्के वजन उतरलं, तुम्ही हाच आकडा वाचून मोहात पडलात ना? त्याच चाचणीत पोटाचे त्रास डोसबरोबर वाढत गेले, हृदयाचे ठोकेही वाढले, आणि तिथे डॉक्टर लक्ष ठेवून होते. तुमच्या व्हायलमध्ये तेच होतं की आणखी काही, किती होतं, निर्जंतुक होतं का, हे कोण सांगणार? फ्रिजमध्ये उरलेली ती एक सीलबंद व्हायल सांगेल. तिला हात लावू नका, स्वतःच कुठल्या लॅबला कुरिअर तर मुळीच करू नका, वकिलामार्फत रीतसर पंचनामा करून पाठवा.

आणि डिस्चार्ज पेपरवर 'कोणतेही औषध चालू नाही' असं आहे कारण तुम्ही डॉक्टरांना लाजून सांगितलंच नाही. त्याच डॉक्टरांकडे जा, खरं सांगा, आजच्या तारखेची नोंद करून घ्या. मागची तारीख टाकून मागू नका, सगळंच बुडेल.

मुदतीचं म्हणाल तर तुम्ही राहता कुठे तेच लिहिलेलं नाही. भारतात ग्राहक आयोगाकडे २ वर्षं, कॅलिफोर्नियात इजेच्या दाव्याला २, इंग्लंडमध्ये ३, आणि घड्याळ नेमकं कधी सुरू झालं यावर वाद घालता येतो, पण त्या वादावर विसंबू नका. १४ महिने गेलेत. केस लागल्यावर तारखा पडत राहतील, तिथे तुमचं काही चालणार नाही, दाखल करणं तेवढं तुमच्या हातात आहे.

शेवटी एक, 'मैत्रिणीला दोन व्हायल घेतल्या त्याच भावात दिल्या' हे तुम्ही सहज लिहून गेलात. नफा घेतला नाहीत तरी कायद्याच्या नजरेत तिच्यासाठी विकणाऱ्या तुम्हीच ठरू शकता, आणि समोरचा वकील हे पहिल्या दिवशी काढेल. तिला आजच मेसेज करा की उरलेलं घेऊ नकोस आणि डॉक्टरला दाखव. मग मला देश कळवा आणि तो स्क्रीनशॉट पाठवा, व्हायलचे फोटो पुरे झाले.