घनता वाढली, कठीणपणा का घटला?

प्रश्न : कोबाल्ट, क्रोमियम, लोह, मँगनीज, निकेल समप्रमाणात दळून ९०० आणि ११०० अंश सेल्सिअसला दाबाखाली सिंटर केलं (भुकटी न वितळवता तापवून एकजीव केली). ११०० अंशाची वडी जास्त घन, तरी कठीणपणा कमी! — एम.टेक.ची विद्यार्थिनी, वडोदरा

उत्तर : अगं, तुझं काही चुकलेलं नाही. जास्त तापमानाला छिद्रं बुजतात, पण दळून मिळवलेले अतिसूक्ष्म स्फटिककणही मोठे होतात. कणसीमा (दोन कणांमधल्या हद्दी) घटल्या की धातू मऊ पडतो. (मकरपुऱ्यात आम्ही कांस्याचे बुश (दांडा फिरतो ती नळी) करायचो, तिथे छिद्रं मुद्दाम ठेवायची, तेल धरायला.) तापमानापेक्षा दाब वाढव, वेळ आखूड ठेव. निर्वातात तापवताना मँगनीज वाफ होऊन उडतं, घटकांचं प्रमाण तपास. साचा ग्रॅफाइटचा असेल तर त्यातला कार्बन क्रोमियमशी कार्बाइड हे कठीण संयुग करतो आणि वरचा थर उगाच कठीण दाखवतो. तो घासून काढ, मगच मोज.