मणक्याच्या ऑपरेशनमधे ट्रॅनेक्सामिक देणार म्हणालेत, गुठळ्या होतील का?

ताई, तुमच्या लेकीचं स्कोलिओसिसचं (पाठीचा कणा बाजूला वाकतो त्याचं) ऑपरेशन ठरलंय आणि भूलतज्ज्ञ म्हणाले रक्त कमी जावं म्हणून ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड देऊ, तेव्हापासून तुम्हाला झोप नाही, की याने पोरीच्या अंगात गुठळ्या होतील का. मी ओटीत (ऑपरेशन थिएटरमधे) सिस्टर म्हणून 19 वर्षं काढली, त्यातली बरीचशी मणक्याच्या केसेसना, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हे औषध नवीन गुठळी बनवत नाही. जखमेवर रक्त गोठतं आणि आपलंच शरीर ते परत विरघळवायला लागतं, ते विरघळवणं हे औषध रोखून धरतं, बस. पाळीत जास्त जातं म्हणून गोळ्या देतात ना, तेच हे. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या नवऱ्याने 1962 मधे शोधलं, बाळंतिणी रक्त जाऊन दगावू नयेत म्हणून.

आता मणक्यातच का, तर एकेका मणक्यात स्क्रू घालताना हाडच झिरपत राहतं, शीर असेल तर बांधता येते, हाडाला काय बांधणार? वॅक्स म्हणजे मेण लावतो, गॉज (जाळीदार कापडाची घडी) दाबून धरतो, तरी पाच-सहा तास ते चालूच. किती रक्त गेलं ते कळावं म्हणून आम्ही भिजलेला गॉज काट्यावर ठेवतो, कोरड्याचं वजन वजा करतो, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली धरायचं, सक्शनच्या बाटलीत नळीने ओढलेलं रक्त वेगळं मोजायचं. त्यात जखम धुवायला ओतलेलं सलाइनचं पाणीही असतं, ते वजा करायचं. साधारणपणे पहिला डोस चिरा घ्यायच्या आधीच देतात आणि मग पंपावर थोडं थोडं चालू ठेवतात. रक्त जाणं कमी होतं, थांबत नाही, त्यामुळे रक्ताच्या पिशव्या तयार ठेवायला सांगितल्या तर घाबरू नका, त्या लागतातच असं नाही.

भीती कुठे खरी आहे तेही सांगते. मुलीला कधी फिट आली असेल, किडनीचा त्रास असेल, तिला किंवा घरात कुणाला पायात-फुप्फुसात गुठळी झाली असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, डोस कमी करायचा की द्यायचंच नाही ते तेच ठरवतील. आणि पाळी नियमित व्हावी म्हणून हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर कृपा करून लपवू नका, सोबत आजी-मावश्या असल्या की आया हे बोलतच नाहीत, मी किती वेळा पाहिलंय. अशा वेळी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा.

आणि हिमोग्लोबिन आत्ताच तपासून घ्या, कमी असलं तर लोहाने वाढायला काही आठवडे लागतात, आदल्या दिवशी कळून उपयोग नाही.