तटस्थ असल्याचे जाहीर केले की देश युद्धापासून सुरक्षित राहतो का? आणि भारताची अलिप्तता म्हणजे तटस्थताच ना?

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. तटस्थता टिकवण्याची ताकद अंगी असावी लागते आणि ती टिकणे लढणाऱ्या दोन्ही बाजूंच्या सोयीचेही असावे लागते. बेल्जियमच्या तटस्थतेला तर १८३९ च्या लंडन तहात बड्या राष्ट्रांनी हमी दिली होती, तरी ऑगस्ट १९१४ मध्ये त्या हमीदारांपैकीच एकाचे, म्हणजे प्रशियाचे, वारस असलेले जर्मन सैन्य तिथे घुसले.

स्वित्झर्लंडचा दाखला सगळेच देतात, म्हणून मी घराजवळचा देतो. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, त्यामुळे गोवाही तटस्थ होता, आणि युद्ध पेटताच ‘एहरनफेल्स’सारखी जर्मन मालवाहू जहाजे मुरगाव बंदरात आश्रयाला आली. १९०७ च्या हेग करारानुसार तटस्थ बंदरात युद्धनौकेला एरवी २४ तासांपेक्षा अधिक थांबता येत नाही. व्यापारी जहाजांना मात्र ही मर्यादा नाही, त्यामुळे ती तिथेच नांगर टाकून राहिली. मात्र लढणाऱ्या देशाने तटस्थ बंदरात बिनतारी संदेशयंत्रणा उभारू नये, असेही तोच करार सांगतो, आणि ब्रिटिशांना संशय होता तो नेमका ‘एहरनफेल्स’वरच्या छुप्या ट्रान्समीटरचा. उघड हल्ला करावा, तर १३७३ पासूनच्या मित्राची, म्हणजे पोर्तुगालची, तटस्थता मोडल्याचा ठपका येणार होता. म्हणून मार्च १९४३ मध्ये ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी पलटणीतली, एरवी कचेऱ्यांत नोकरी करणारी प्रौढ माणसे एका बार्जमधून रात्री जहाजावर चढली. झटापटीत कप्तान मारला गेला आणि जर्मनांनी आपली जहाजे स्वतःच बुडवली. हे प्रकरण कित्येक वर्षे गुप्त राहिले.

पोर्तुगालची तटस्थता तरीही कागदावर शाबूत राहिली. जर्मनीला शस्त्रनिर्मितीसाठी लागणारा टंगस्टन धातू विकणाऱ्या याच देशाने १९४३ मध्येच ब्रिटनला अझोर्स बेटांवर तळ दिला. असा देश बुडवण्यापेक्षा तसाच राहू देणे दोघांनाही परवडत होते, असे मला वाटते.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडक्यात सांगायचे, तर तटस्थता ही युद्धकाळातली कायदेशीर स्थिती आहे आणि ऑस्ट्रियाने २६ ऑक्टोबर १९५५ रोजी केली तशी ती कायमची स्वीकारली, तर लष्करी गटात जाता येत नाही आणि परकी तळही देता येत नाहीत. अलिप्ततेत असे कायदेशीर बंधन नव्हते. गटात जायचे नाही, पण प्रत्येक प्रश्नावर आपली बाजू घ्यायची, अशी ती भूमिका होती. अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद बेलग्रेडला सप्टेंबर १९६१ मध्ये भरली, आणि त्याच डिसेंबरात भारताने १९४९ पासून नाटोचा सदस्य असलेल्या पोर्तुगालकडून, मुरगाव बंदरासह, गोवा लष्करी कारवाईने मुक्त केला.