वाचकांचे प्रश्न : वाघ झोपलेला असेल तर मुलांना काय दाखवावे?

प्रश्न : आम्ही परतूरला राहतो. नऊ आणि पाच वर्षांची मुले व सासूबाई यांच्यासह छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील प्राणिसंग्रहालय पाहण्याचा विचार आहे. मागे भर दुपारी गेलो होतो, तेव्हा वाघ झोपलेले होते आणि मुले घसरगुंडीवरच रमली. मुलांसाठी कार्यक्रम कधी असतात आणि भेट सार्थकी लागण्यासाठी काय करावे? — एक वाचक भगिनी

उत्तर : वाघ हा मुळात पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री हिंडणारा प्राणी असल्यामुळे दुपारच्या उन्हात त्याने पाय ताणून झोपावे हेच स्वाभाविक आहे. म्हणून सकाळी दार उघडताच आत शिरावे. उद्यान मध्यवर्ती बसस्थानकाला लागूनच असल्याने एस.टी.ने आलात तर सासूबाईंना फारसे चालावे लागणार नाही. मात्र साप्ताहिक सुट्टीचा वार निघण्यापूर्वी विचारून घ्यावा.

कार्यक्रमांसाठी २ ते ८ ऑक्टोबर हा वन्यजीव सप्ताह लक्षात ठेवावा, कारण चित्रकला स्पर्धा, व्याख्याने, माहितीपर फेऱ्या असे उपक्रम देशभरातील प्राणिसंग्रहालये बहुधा याच दिवसांत घेतात. २९ जुलैचा जागतिक व्याघ्रदिनही सोयीचा असतो, आणि तेव्हा ऊनही नसते. हे प्राणिसंग्रहालय महानगरपालिकेचे असल्याने त्या-त्या वर्षीच्या उपक्रमांची चौकशी तेथील कार्यालयातच करावी. तथापि कार्यक्रम नसला म्हणून बेत रद्द करू नये. आमचे स्पष्ट मत असे की, सगळे पिंजरे पाहून झालेच पाहिजेत हा आपला हट्टच मुलांना कंटाळा आणतो. दोन-तीन प्राणी निवडावेत आणि त्यांच्यापुढे निवांत थांबावे.

वाघाचेच घ्या. तो पाठमोरा फिरला की दोन्ही कानांच्या मागे पांढरे ठिपके दिसतात, ते धाकट्याला शोधू द्यावेत. भिंतीचा किंवा झाडाचा वास घेऊन तो कधी नाक आक्रसतो, ओठ वर ओढतो आणि तोंड वासून तसाच उभा राहतो. पाहणाऱ्यांना वाटते डरकाळी फोडणार, पण तो टाळूतील एका खास इंद्रियाने दुसऱ्या वाघाने सोडलेला गंध तपासत असतो. थोरलीला मात्र पांढऱ्या वाघाची हकिकत सांगावी. ही वाघाची वेगळी जात नव्हे. एका अप्रभावी जनुकाची प्रत आई आणि वडील अशा दोघांकडूनही आली तरच असे पिल्लू जन्मते, आणि आज जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतील बहुतेक पांढऱ्या वाघांचे मूळ १९५१ साली रीवा संस्थानच्या जंगलात पकडलेल्या ‘मोहन’ नावाच्या बछड्यापर्यंत जाते. रंग टिकवण्यासाठी जवळच्या नात्यांतच जोड्या लावल्या गेल्याने या वाघांत तिरळेपणासारखे दोष वाढले, हे कौतुकाच्या भरात कोणी सांगत नाही.

एका बाबतीत मोठ्यांनाच समज द्यावी लागते. पिशवीतील मुरमुरे, शेंगदाणे हरणांपुढे टाकण्याची आपल्याकडे फार हौस! वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३८-जे नुसार प्राण्यांना खाऊ घालणे, चिडवणे, आरडाओरडा करून त्रास देणे आणि आवारात कचरा टाकणे हे सर्व निषिद्ध असून त्यासाठी शिक्षेची तरतूद आहे. अन्नासोबत गेलेली प्लॅस्टिकची पिशवी हरणाच्या पोटात अडकून राहते आणि त्याचा जीवही घेऊ शकते. डबा बाहेर बागेतच सोडावा.

प्रश्न : आमच्या लहानपणी तेथे हत्ती होते. ते कोठे गेले? — एक वाचक, जालना

उत्तर : हत्तीला रोज मैलोगणती चालण्याची सवय असते, साखळीने बांधून कठीण जमिनीवर उभे ठेवल्यास त्याचे पाय आणि नखे बिघडतात. हे ध्यानात घेऊन केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ साली प्राणिसंग्रहालयांतील हत्ती अन्यत्र हलवण्याचे आदेश दिले. त्यानंतर काही वर्षांनी आपल्या लक्ष्मी आणि सरस्वती या हत्तिणी विशाखापट्टणमच्या प्रशस्त प्राणिसंग्रहालयात पाठवण्यात आल्या.