क्रिकेटची बॅट घरी हाताने घडवता येते का?

येते, पण आधी ती कोणत्या बॉलसाठी हवी ते ठरवा. टेनिस बॉलसाठी एकाच फळीतून दांड्यासकट कापलेली बॅट चालून जाते. तीच लेदर बॉलला वापरलीत तर फटक्यागणिक हातांना झिणझिण्या येतील. म्हणून खऱ्या बॅटचा दांडा वेताचा असतो आणि पात्याच्या व्ही आकाराच्या खाचेत पाचरीसारखा चिकटवतात. हा सांधा नवख्या हातून नीट बसणं कठीण. पहिल्या खेपेला दांडा बसवलेला, मशीनवर दाबून घेतलेला विलोचा (बॅटसाठी वापरतात त्या लाकडाचा) ठोकळाच आणा. न दाबलेलं विलो मऊ असतं, बॉलने खळगे पडतात.

नियमाने लांबी ९६.५२ सेंमी, रुंदी १०.८, जाडी ६.७ आणि कडा ४ सेंमीपेक्षा जास्त नको.

खरी मजा मागच्या बाजूला. मधला कणा पेन्सिलने आखा आणि रंधा लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवा. पातळ, सलग साल निघतेय तोवर ठीक. लाकूड खरखरत ढलपे उडायला लागले की थांबा, उलट बाजूने या. खांद्याजवळची गोलाई कानशीने. दर पाच मिनिटांनी बॅट उचलून हवेत फिरवा. जड वाटली तर आणखी तासता येते, हलकी झाली तर गेली कामातून! (माझी पहिली अशीच गेली.)

शेवटी पॉलिश पेपर, मग जवसाच्या तेलाचा पातळ हात. सांध्यावर तेल नको. आणि लगेच मैदानात पळू नका, आधी लाकडी हातोडीने काही तास हलकं ठोका, कडा आणि टोक विशेष.