बाहेरची मुलगी कशी वाटली?

‘माणसं शेवटी दिसण्यावरूनच ठरवतात ना?’ समुपदेशक म्हणून महिन्यातून दोन-तीनदा तरी हे ऐकते. कुणी स्थळाचा नकार आल्यावर विचारतं, कुणी बढती हुकल्यावर.

वसुधा (नाव बदललंय) सहकारी बँकेत कर्ज विभागात. ‘ताई, ती नवीन आलेली गोरीगोमटी, नाकीडोळी नीटस. तिच्या फायलीवर साहेबांची सही लगेच. माझी आठवडाभर पडून.’

खोटा दिलासा मी देत नाही. असं घडतं. 1920 साली थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले. ज्याची शरीरयष्टी छान, त्याला बुद्धी आणि नेतृत्वाचेही गुण चढे! ‘लोकांनी असं करू नये’ ही इच्छा रास्तच. ‘करताच कामा नये’ हा हट्ट झाला, आणि झोप उडते ती हट्टाने. मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांची ही शिकवण मी वर्षानुवर्षं वापरते. तिने दगा दिलेला नाही.

वसुधाला हे पटलं, पण वरवर. चौथ्या भेटीत मी राखून ठेवलेला प्रश्न काढला.

‘माझ्या खोलीबाहेर नोंदी करणारी मुलगी कशी वाटते?’

‘गोड आहे. मदत करणारी.’

‘काय बोलणं झालं तिच्याशी?’

पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. ‘मी फक्त नाव सांगते... म्हणजे मीपण?’

‘आणि ऑफिसातली ती?’

‘ती नुसती दिसते.’

‘डबा खाल्लायस कधी तिच्याबरोबर?’

मान हलली. नाही.

मग तिला 1977 मधला निस्बेट आणि विल्सन यांचा प्रयोग सांगितला. एकाच प्राध्यापकाच्या दोन चित्रफिती. एकीत तो प्रेमळ, दुसरीत तुसडा. तुसडा पाहिलेल्यांना त्याचा चेहरा, त्याचे उच्चारही खटकले. वर त्यांना वाटलं, चेहरा खटकला म्हणूनच माणूस आवडला नाही! मलाही तेव्हाच लख्ख दिसलं: वसुधाचा राग आधी होता, ‘नुसती दिसते’ नंतर आलं.

असं वाटणाऱ्यांना मी एक वही ठेवायला सांगते. माणूस ‘कसा आहे’ हे लिहायचं नाही, आज त्याने काय केलं तेवढंच. साहेबांकडेही ‘तिच्याच फायलीवर लगेच सही का’ म्हणून जायचं नाही. ‘माझ्या फायलीत काय कमी आहे’ हे विचारायचं, तेही लेखी.

पाचव्या भेटीत वसुधा वही घेऊन आली. पहिली नोंद डब्याची होती. भेंडी, आणि त्या सहकारिणीचं एक वाक्य: ‘साहेब माझी फाइल वाचतच नाहीत गं. चूक राहिली तर मला कळणार कसं?’