वाचक विचारतात : अकराशे किलोमीटर जायचं, तेरा-चौदा सेकंदांसाठी

मागच्या अंकात आमच्या घरच्या ड्रॅग रेसिंग टीमवर दोन पानं छापून आली आणि पत्रांचा गठ्ठा झाला. घरात लिहिणारी मी एकटीच, म्हणून उत्तरंही माझ्याच गळ्यात पडली. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नागपुरात मानेवाड्याला आमचं दुचाकीचं गॅरेज आहे. आमचे हे इंजिन उघडतात-बसवतात. थोरला गाडी चालवतो, धाकटी घड्याळ आणि जेट (कार्ब्युरेटरमधून पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा भोकाचा छोटा तुकडा) सांभाळते, भाऊजी पिकअप चालवतात. माझ्याकडे वही आणि डबा.

ताई, पोट्टा ड्रॅग रेसिंग करीन म्हणून मागे लागला आहे. रात्री रिंगरोडवर बाइक पळवतात तेच ना हे? जीव खालीवर होतो.
– एक आई, यवतमाळ

ते नाही, बाई. ती हुल्लडबाजी आहे आणि गुन्हाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावली तर दंड आहे, कैदही आहे. ड्रॅग म्हणजे बंद ट्रॅक, सरळ पट्टी, पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. वळण नाही, ओव्हरटेक नाही. दोघं शेजारी-शेजारी आपापल्या पट्ट्यात उभे राहतात, समोर दिव्यांचा खांब असतो, त्याला ट्री म्हणतात. पिवळा लागतो, मग हिरवा. हिरव्याच्या आधी चाक हललं तर लाल दिवा पेटतो, आणि ती धाव गेली. हेल्मेट, चामडी जॅकेट-पँट, हातमोजे, बूट यांतलं एक कमी असलं तरी तांत्रिक तपासणीतूनच परत पाठवतात.

मला हे समजायला एक मिनिट लागलं नाही. माझं माहेर तळेगाव दशासरच्या बाजूचं. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, बघत मोठी झाले. सरळ दाण, म्हणजे पळायची पट्टी, दोन जोड्या, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणी. बाबांची पटाची जोडी होती. २०१४ साली बंदी आली तेव्हा त्यांनी बैल विकले. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली तोवर बाबा थकले होते. लग्नानंतर पहिल्यांदा ड्रॅग पाहिली तेव्हा मी ह्यांना म्हटलं होतं, हा तर बिनबैलांचा पट आहे. फरक इतकाच, की इथे धुरकऱ्याला, म्हणजे हाकणाऱ्याला, शेपटी धरून ओरडता येत नाही.

मुलाला ट्रॅकवर नेऊन दाखवा. फुकाची रस्त्यावरची खाज असेल तर तपासणीची रांग बघूनच उतरते.

तुम्ही चेन्नईला जाता तर गाडी रेल्वेने का पाठवत नाही? नागपूरहून जीटी सरळ जाते. आणि ट्रॅकवर नेऊन चालवायचीच आहे तर चालवतच का नेत नाही?
– गॅरेजवाला, अकोला

तुम्ही गॅरेजवाले असून शेवटचा प्रश्न विचारता, कमाल आहे. शर्यतीच्या गाडीला ना हेडलाइट, ना इंडिकेटर, ना नंबरप्लेट. चौकातला पहिलाच हवालदार उतरवेल.

रेल्वेने जाते गाडी. टाकीतलं पेट्रोल पूर्ण रिकामं करावं लागतं, गोणपाट गुंडाळावं लागतं, आरसीची झेरॉक्स लागते. नेहमीच्या वापरातल्या गाडीला ते ठीक आहे. पण आमच्याबरोबर पाच पेट्या हत्यारं, दोन जादा सिलिंडर, चाकं, स्प्रॉकेटचा हार, जॅक, स्टँड आणि सासूबाईंनी दिलेला ठेच्याचा डबा असतो. पहिल्या वर्षी एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे गाडी दिली. आम्ही वेळेत पोचलो, गाडी दोन दिवसांनी आली. आम्ही ट्रॅकवर बसून दुसऱ्यांच्या धावा पाहिल्या आणि माघारी आलो. तेव्हापासून भाऊजींची पिकअप.

चेन्नईचा ट्रॅक इरुंगट्टुकोट्टईला, श्रीपेरुंबुदूरच्या जवळ, शहराच्या अलीकडे आहे. आमच्या दारातून साधारण अकराशे किलोमीटर. संध्याकाळी बुटीबोरी ओलांडायची, हिंगणघाटला चहा, पांढरकवड्याला पाय मोकळे करायचे, मग आदिलाबाद, निर्मल आणि उजाडता हैदराबाद. पुढचा दिवस रस्त्यातच जातो. लोणावळ्याकडच्या शर्यतीला जायचं असेल तर समृद्धी आहेच. दुचाकीला तिथे बंदी आहे, पण पिकअपमध्ये बांधलेली दुचाकी म्हणजे सामान. टोलनाक्यावरचा पोरगा दर वेळी वाकून बघतो, पण सोडतो.

बांधायचं कसं, हे सांगते, कारण तिथेच सगळे चुकतात. पट्टा ओढला की पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे शॉकॲब्सॉर्बर, दाबला जातो, आणि इतका प्रवास दाबलेलाच राहिला तर ऑइल सील गळते. ट्रॅकवर पोचल्यावर पुढचं चाक तेलानं माखलेलं पाहिलंय मी. आता आम्ही चाकाच्या वर, फोर्कच्या मधोमध बाभळीचा ठोकळा बसवतो आणि मग पट्टा आवळतो. ठोकळ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला, म्हणजे घासत नाही. निर्मलच्या घाटानंतर एकदा थांबून पट्टे पुन्हा आवळायचे. भाऊजी म्हणतात गरज नसते. मी उतरून आवळतेच.

माझी यामाहा आरएक्स १३५ वर्ध्यात कोणाला ऐकत नाही. अशीच्या अशी नेली तर ट्रॅकवर पळेल ना?
– इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, वर्धा

पळेल की. मग जाम होईल. आमची झाली.

आम्ही गाडी जुळवतो ती एका ओळखीच्या जिनिंगच्या आवारात. कापसाचा हंगाम संपला की ते आवार रिकामं असतं, सिमेंटची लांब पट्टी मिळते, मालक खाट टाकून बघत बसतात. पण हंगाम संपतो म्हणजे उन्हाळा. त्या वर्षी ऐन नवतपात, ४५ डिग्रीत, दुपारी चारला ह्यांनी जेट ठरवला. प्लग काढून पाहिला तर भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा रंग. झक्कास. तोच जेट घेऊन पावसाळ्यात चेन्नईला गेलो.

आता हे नीट वाच. हवा तापली की पातळ होते, आणि उंचावरही पातळ असते. नागपूर समुद्रापासून तीनशे मीटर उंच, वर ४५ डिग्री. चेन्नई समुद्राला लागून, सकाळी सातला २८ डिग्री. दमट हवा थोडी हलकी असते ते धरलं तरी तिथली हवा आपल्यापेक्षा सात-आठ टक्के घट्ट निघते. कार्ब्युरेटरला ते कळत नाही. हवा जास्त आली, पेट्रोल त्या हिशेबानं वाढलं नाही, मिश्रण लीन झालं. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला गारवा आणि तेल दोन्ही पेट्रोलच्या मिश्रणातूनच मिळतं. तिसऱ्या सराव धावेत, चौथ्या गिअरला, आवाज एकदम कोरडा झाला आणि मागचं चाक लॉक. थोरल्याने क्लच दाबला म्हणून सरळ थांबला. सिलिंडर उघडला तर पिस्टनच्या एक्झॉस्टच्या बाजूला चार उभे ओरखडे, नखानं मोजता येतील असे.

पण त्याच चुकीची दुसरी बाजू बघ. डिसेंबरच्या पहाटे नागपुरात १२ डिग्रीला जेट ठरवलास तर गणित उलटतं. तेव्हा आपलीच हवा चेन्नईपेक्षा घट्ट असते, आणि तिथे गाडी धुराचा लोट सोडत घुसमटते. म्हणून 'चेन्नईला मोठा जेट' असा पाढा पाठ करू नको. कोणत्या तारखेला, किती वाजता, किती डिग्रीला कोणता जेट होता ते लिहून ठेव. धाकटीनं तेव्हापासून थर्मामीटर घेतला, आणि माझ्या किराण्याच्या वहीची उलटी बाजू गाडीची झाली.

स्प्रॉकेट, टायरमधली हवा आणि क्लच प्लेटा यांच्याबद्दल तू पुढच्या पानावर विचारलं आहेस. आधी जेट शीक, ते नंतर.

घरच्याच माणसांची टीम म्हणजे भांडणं होत नाहीत का? आमच्याकडे लोणार बघायला गेलो तरी होतात.
– एक सूनबाई, नागपूर

काहून नाही होणार? आमचं सगळ्यात मोठं भांडण दोन वर्षांपूर्वी, गाडीवर बसायचं कोणी यावरून. थोरला म्हणे माझी धाव वेगवान आहे. खरंच होती. त्याची सरासरी १३.८२ सेकंद, धाकटीची १३.९४. ती त्याच्यापेक्षा बारा किलोने हलकी असूनही, कारण तिसरा गिअर टाकायला ती उशीर करते. आमचे हे थोरल्याच्या बाजूने. भाऊजी धाकटीच्या बाजूने. दोन दिवस घरात भांड्यांचेच आवाज.

तिसऱ्या दिवशी मी वही काढली. धावेचं घड्याळ हिरव्या दिव्याला सुरू होत नाही, चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून सुटलं की सुरू होतं. हिरवा लागल्यापासून चाक सुटेपर्यंतचा वेळ वेगळा लिहिलेला असतो. तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. थोरला ०.३८ सेकंदांनी सुटायचा, धाकटी ०.१५ नं. बेरीज करा. त्याचे १४.२०, तिचे १४.०९. समोरासमोर जोडी लावली तर ती आधी पोचते, आणि शेवटच्या रेषेवर ताशी १४० च्या वेगात एवढं अंतर म्हणजे चार मीटर, दोन गाड्यांची लांबी.

थोरल्यानं बेरीज स्वतः करून पाहिली. मग परत करून पाहिली. जेवला नाही त्या रात्री. सकाळी उठून जुन्या फळीवर पिवळे-हिरवे दिवे बसवले आणि दाराशी बसून चहाच्या कपानं सराव करायला लागला, दिवा लागला की कप उचलायचा. चार कप फुटले. आता तो ०.२२ वर आला आहे, म्हणून सध्या गाडी त्याच्याकडे. धाकटी तिसऱ्या गिअरवर काम करते आहे. वही माझ्याकडेच आहे, ती कुणाला देत नाही.

बक्षिसातून खर्च निघतो का?
– सेवानिवृत्त शिक्षक, वरोरा

नाही सर. डिझेलसुद्धा नाही.

मी १९ वर्षांची आहे, लायसन्स आहे. मला शिकायचंय, पण बाबा नाही म्हणतात. त्यांना कसं समजावू?
– कामठीची एक वाचक

समजावू नको, घेऊन ये. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास ये, तेव्हा इंजिन उघडलेलं असतं. बाबांना खुर्ची देऊ, चहा देऊ, तर्री पोहा देऊ आणि हातात स्टॉपवॉच देऊ. माझे सासरे आठ महिने बोलत नव्हते ह्या प्रकाराबद्दल, घड्याळ हातात दिलं त्या दिवशी चुकीची वेळ सांगितली म्हणून धाकटीवर ओरडले, आणि तेव्हापासून प्रत्येक सरावाला खुर्ची घेऊन हजर असतात.

येताना कानात घालायला कापूस आण, दोघांनाही पुरेल एवढा. टू-स्ट्रोकचा मोकळा सायलेन्सर शेडखाली सुरू झाला की शेजारच्या काकू दार लावून घेतात.